ल्यूथर स्टँडिंग बेअर : रिंगणातला सरदार, रिंगणामागचा दुभाष्या

निवडुंग (धागाकर्ता)

बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' या फिरत्या खेळावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते मालक कोडी (हाच बफेलो बिल), नेमबाज अ‍ॅनी ओकली आणि सरदार सिटिंग बुल या तिघांत आटोपतं. त्यातला सिटिंग बुल या खेळात एकच हंगाम होता, १८८५ चा, चारेक महिने. देशाबाहेर गेला तो कॅनडापर्यंत. लंडन-पॅरिस गाजवणारे लकोटा (अमेरिकेच्या मैदानी मुलखातले आदिवासी, सिटिंग बुल त्यांतलाच) वेगळे. त्यांतल्या एकावर हा धागा, कारण त्याचं खरं काम प्रेक्षकांना कधी दिसलंच नाही.

ल्यूथर स्टँडिंग बेअर. जन्म त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे डिसेंबर १८६८. लहानपणीचं नाव ओटा क्ते, म्हणजे 'पुष्कळ मारले'. मारले ते बापानं, नाव मिळालं पोराला. लकोटांत बापाचा पराक्रम मुलाच्या नावात जाणं नवलाचं नव्हतं. बापाचं नाव मातो नाजीं, उभं अस्वल. हेच पुढे इंग्रजीत आडनाव झालं.

१८७९ च्या ऑक्टोबरात पेन्सिल्वेनियातल्या कार्लाइलच्या, आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत गेलेल्या पहिल्या तुकडीत तो होता. ही शाळा कॅप्टन प्रॅटनं जुन्या लष्करी बराकींत काढली होती. ऐंशीच्या वर मुलं मध्यरात्री पोचली, तेव्हा खाटा नव्हत्या, पांघरुणं नव्हती, जमिनीवर झोपली. अकराव्या वर्षातला ओटा क्ते आला होता तो शिकायला नव्हे. पूर्वेला गोऱ्यांच्या मुलखात जायचं आणि शौर्यानं मरायचं, अशी त्याची समजूत. पहिल्या दिवसांत एकदा फळ्यावर खडूनं रेघोट्या ओढल्या गेल्या आणि प्रत्येकाच्या हातात छडी देऊन एकेकीवर टेकवायला सांगितलं. ती रेघोटी म्हणजे एक इंग्रजी नाव होतं. याची छडी 'ल्यूथर'वर पडली. नाव कापडाच्या पट्टीवर लिहून सदऱ्याच्या पाठीवर शिवलं, म्हणजे घालणाऱ्याला दिसणार नाही पण मास्तरला दिसेल. मग केस कापले, आणि लकोटा बोलायला बंदी.

त्याला धंदा शिकवला तो पत्रेकामाचा: पत्रा कापायचा, वाकवायचा, सांधा झाळायचा. पेले, कॉफीची भांडी, बादल्या शेकड्यांनी केल्या. हा माल सरकार उचलून आदिवासी वस्त्यांवर फुकट वाटायचं. शिकून घरी परतल्यावर त्याला पत्रेकामाचं एकही गिऱ्हाईक मिळालं नाही. घरोघरी त्यानंच शाळेत केलेली भांडी आधीच पोचलेली होती. कार्लाइलच्या अर्थशास्त्रावर याहून नेमकी टीका मला ठाऊक नाही.

शाळेच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा. २४ मे १८८३ ला ब्रुकलिन पूल खुला झाला त्या दिवशी कार्लाइलचा बँड पुलावरून गेला, म्होरक्या हाच. नंतर फिलाडेल्फियात वॉनामेकरच्या मोठ्या दुकानात नोकरी. तिथे एका काचेच्या खोलीत बसून दागिन्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावायचं काम. बाहेरून जाणारा-येणारा पाहणार. कोंडून ठेवून दाखवायची वस्तू होण्याचा अनुभव खेळात जाण्याआधी अठराएक वर्षं त्याच्या खात्यावर जमा होता, एवढं लक्षात ठेवा.

आता या धाग्याचा मुख्य प्रसंग. १८८४. फिलाडेल्फियातल्या एका थिएटरात 'कस्टरला मारणारा सिटिंग बुल' दाखवणार अशी जाहिरात आली (कस्टर हा १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत पडलेला अमेरिकी सेनाधिकारी). तिकीट पन्नास सेंट. ल्यूथर गेला. सिटिंग बुल उभा राहून लकोटात बोलला: आपण वॉशिंग्टनला मोठ्या साहेबाला भेटायला निघालोय, आता लढण्यात अर्थ नाही, मुलांनी शिकावं. शेजारच्या गोऱ्यानं त्याचं 'भाषांतर' केलं ते असं, की लिटल बिगहॉर्नला कस्टरला कसं गाठलं आणि कसं कापलं, याची रसभरीत कहाणी. सभागृहात दोन्ही बाजू कळणारा बहुधा हा एकच पोरगा होता. सिटिंग बुलनं कस्टरला मारलेलं नव्हतं हे वेगळंच.

पुढे अठरा वर्षांनी, १९०२ मध्ये, कोडीनं ल्यूथरला इंग्लंडच्या दौऱ्यासाठी घेतलं ते दुभाष्या म्हणून, पाइन रिज या लकोटांच्या राखीव वस्तीतल्या तुकडीचा जबाबदार माणूस म्हणून. मधल्या काळात तो रोजबड या दुसऱ्या राखीव वस्तीवर वर्षाला ३०० डॉलरवर साहाय्यक शिक्षक होता, १८९१ मध्ये पाइन रिजला आला, दुकान चालवलं. २६ डिसेंबर १९०२ ला लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात खेळ सुरू झाला. मार्च १९०३ मध्ये राजा सातवा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा आले. ल्यूथर भाला घेऊन थेट राजाच्या बैठकीसमोर नाचला. राजा आधी चेहरा न हलवता बसलेला, शेवटी हसला.

एप्रिल १९०४ मध्ये दुसऱ्या हंगामाला निघालेल्या तुकडीच्या गाडीला शिकागोजवळ मेवूड इथे मागून दुसऱ्या गाडीनं धडक दिली. तीन लकोटा ठार. ल्यूथरची अनेक हाडं मोडली. दौरा तिथेच संपला. १९०५ मध्ये त्याला सरदार केलं, १९०७ मध्ये नागरिकत्व मिळालं, १९१२ मध्ये कॅलिफोर्नियाला जाऊन सिनेमात शिरला. १९२८ ते १९३४ या काळात चार पुस्तकं. २० फेब्रुवारी १९३९ ला गेला.

चर्चा व्हावी ती मधल्या भागावर: खेळात दुभाष्या नेमकं करायचा काय?

कोरडा_पाऊस

चांगला धागा. पण शीर्षकातला 'सरदार' मला खटकतो. १९०५ साली पाइन रिजवर सरदार म्हणजे कोण? शिधा सरकारी एजंटच्या हातात, जमिनीचे कागद एजंटच्या हातात, गावाबाहेर जायचा परवाना एजंटच्या हातात. आणि दुसरं, हे घराणं ओग्लाला की सिचांगू? बापाची नोंद रोजबडला होती, म्हणजे ब्रूले ऊर्फ सिचांगू. ल्यूथर स्वतःला ओग्लाला म्हणवतो.

निवडुंग

दोन्ही मुद्दे रास्त. नोंदीचं असं, की रोजबड ही सिचांगूंची एजन्सी आणि पाइन रिज ओग्लालांची. मुलगा १८९१ ला पाइन रिजला आला आणि त्याचं पुढचं सगळं ओग्लाला म्हणून झालं. लकोटांच्या सात शाखा: ओग्लाला, सिचांगू, हुंकपापा, मिनिकोंजू, इताझिप्चो, सिहासापा, ओहेनुंपा. त्यांच्यात लग्नं आणि येणंजाणं सतत. आपल्याकडे सातबारा बघून माणूस कुठला ते ठरवतो तसं तिथे एजन्सीचं शिधापत्रक बघून इतिहासकार ठरवतात. त्यात कागदाचा दोष मोठा.

सरदारकीचं: लकोटात शब्द आहे इतांचां. हुकूम सोडणारा असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. जो देतो, ज्याच्या घरून कोणी उपाशी जात नाही, ज्याचं ऐकावंसं वाटतं, तो. न पटलं तर कुटुंब पाल उचलून दुसऱ्याकडे जायचं. एजंटच्या राज्यात त्या पदाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं हे ल्यूथरलाही लगेच कळलं. म्हणून तर सरदार झाल्यावर दोन वर्षांत तो एजंटच्या ताब्यातून सुटायला नागरिकत्वामागे लागला. सर्व आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळालं ते १९२४ च्या कायद्यानं.

बोरूबहाद्दर

शब्दांविषयी थोडं.

'सू' हा शब्द त्यांचा नाही. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी दिलेलं नाव, फ्रेंचांच्या तोंडून तुटून आलेलं. ल्यूथरनं स्वतः पुस्तकांच्या नावांत तो वापरला कारण गिऱ्हाईक तेच नाव ओळखायचं. आपण लकोटा म्हणावं. 'रेड इंडियन' तर मराठीतून आता हद्दपार व्हायला हरकत नाही.

खेळात काम करणाऱ्यांना लकोटात ओस्काते विचाशा म्हणतात: खेळ करणारा माणूस. पाइन रिजला हा शब्द मानाचा, घराण्याघराण्यांत पिढ्यान् पिढ्या चाललेला.

दुभाष्याला इयेस्का. गंमत म्हणजे हाच शब्द गोऱ्या-लकोटा मिश्र रक्ताच्या माणसालाही लावतात. कारण उघड आहे: दुभाषे बहुतेक त्या घरांतून यायचे. ल्यूथर कार्लाइलमुळे इयेस्का झाला, जन्मामुळे नाही, म्हणून दोन्हीकडच्या लोकांना तो जरा चमत्कारिक वाटायचा.

तीन_पैसे

पैशांचा हिशेब मांडतो, त्याशिवाय या विषयावर बोलणं म्हणजे हवेत काठी फिरवणं.

साध्या लकोटा स्वाराचा ठरलेला पगार महिन्याला २५ डॉलर, शिवाय जेवण, प्रवास आणि कपडे. वर्षभर काम मिळालं तर ३०० डॉलर. वरच्या लेखात बघा, रोजबडच्या साहाय्यक शिक्षकाचा वार्षिक पगारही ३०० डॉलरच. म्हणजे इंग्रजी शिकून फळ्यासमोर उभं राहिलं काय किंवा काडतूस उडवत घोड्यावरून ओरडलं काय, सरकारी तराजूत वजन सारखं. फरक एवढा, की खेळात जेवण मालकाचं.

सिटिंग बुलचा १८८५ चा करार: आठवड्याला ५० डॉलर, करारावर सही करताना १२५ डॉलर वेगळे, आणि स्वतःचे फोटो व सह्या विकण्याचा हक्क त्याच्याकडे. हे शेवटचं कलम त्यानं स्वतः घालून घेतलं होतं. ज्याला लोक 'रानटी' म्हणून बघायला येत होते त्यानं आपल्या चेहऱ्याचा हक्क सोडला नव्हता.

आता दुसरी बाजू. इंग्लंडच्या १९०३ च्या दौऱ्यात स्वस्तातलं तिकीट १ शिलिंग, पुढे २, ३, ४, आणि बॉक्समध्ये त्याहून जास्त. २५ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण ५ पौंड ३ शिलिंग, म्हणजेच १०३ शिलिंग. एका स्वाराचा महिन्याचा पगार शंभर स्वस्त तिकिटांत निघतो. दिवसाला खेळ दोन, दुपारी २ आणि रात्री ८, आणि बैठका हजारोंच्या. बाकी त्रैराशिक ज्याचं त्यानं मांडावं.

हुरडा

थोडक्यात हा दुभाष्या म्हणजे मुकादमच की. टोळी आणायची, राबवायची, पगार वाटायचा.

तीन_पैसे

@हुरडा, नाही. मुकादम उचल देऊन माणूस बांधतो आणि टोळीवर कमिशन खातो. इथे उचल नाही, कमिशन नाही. करार आदिवासी कारभार खात्यामार्फत, आणि माणसं सुखरूप परत आणण्याची हमी खेळाच्या मालकावर. उलट पगाराचा काही भाग हंगाम संपेपर्यंत राखून ठेवायची पद्धत होती. ल्यूथर ती कडक पाळायचा. कारण सरळ आहे: परक्या गावात, रोज संध्याकाळी हातात रोख, आणि मैदानाच्या फाटकासमोर दारूचा गुत्ता. हंगामाअखेर रशव्हिलच्या स्टेशनावर मोकळ्या हातानं उतरलेला माणूस पुढच्या वर्षी गावाला काय तोंड दाखवणार?

(रशव्हिल, नेब्रास्का. पाइन रिजची मंडळी तिथूनच गाडीत बसायची.)

सांजवेळ

दुभाष्याचं काम काय, या मूळ प्रश्नाला इंग्लंडातले दोन प्रसंग सांगते. दोन्ही त्याच्या आठवणींत आहेत.

पहिला जेवणाचा. सकाळच्या न्याहारीला लकोटांच्या टेबलावर आलेले पॅनकेक शिळे, इतरांकडून उरलेले. ल्यूथरनं आधी स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली, त्यानं दाद दिली नाही. मग तो सरळ कोडीकडे. कोडीनं त्या माणसाला सगळ्यांदेखत झापलं: माझ्या खेळाचा मुख्य भाग ही माणसं आहेत, यांची हेळसांड चालणार नाही. पॅनकेक त्या दिवसापासून ताजे. यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. आधी ज्याचं खातं त्याच्याकडे, तिथे नाही ऐकलं तरच वर. आणि वर गेल्यावर स्वतःच्या ताटाचं नाही, सगळ्यांच्या ताटाचं बोलायचं. घोळक्यानं जाऊन आरडाओरडा केला असता तर ती बातमी 'इंडियन बिथरले' अशी छापून आली असती.

दुसरा घोड्याचा. तुकडीतल्या एका पोराला सतत बिथरणारा घोडा दिला जायचा. रिंगणात लकोटा बिनखोगीर बसणार, हातात धनुष्य किंवा बंदूक, भोवती बिनगोळीच्या काडतुसांचा धूर आणि आवाज. अशात उडी मारणारा घोडा म्हणजे पडणं ठरलेलं, आणि पडलेल्याच्या मागून पन्नास घोडे दौडत येत असतात. काऊबॉय मंडळींना यात मजा वाटायची. घोडी वाटणं त्यांच्या हातात. ल्यूथरनं घोडा बदलून घेतला.

पडून मरणं ही कल्पना नव्हे. पॉल ईगल स्टार १८९१ मध्ये शेफील्डला घोड्यासह पडून जखमी झाला आणि त्यातच गेला. त्याचे अवशेष १९९९ मध्ये रोजबडला आणले. लाँग वुल्फ १८९२ मध्ये लंडनमध्ये वारला, ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत होता, १९९७ मध्ये पाइन रिजला आणला गेला.

कोरडा_पाऊस

आणि बाळाचं? तो प्रसंग सोडून कसं चालेल.

सांजवेळ

येते त्याकडे. दौऱ्यात बर्मिंगहॅमला ल्यूथरला मुलगी झाली. नाव ठेवलं अलेक्झांड्रा बर्मिंगहॅम कोडी स्टँडिंग बेअर: राणी, गाव, मालक आणि बाप, चौघं एका नावात. मग बायको उंच ओट्यावर बसली, पुढ्यात पाळण्यात बाळ, आणि लोक रांगेनं बघून जात. पेटीत पैसे टाकत, बाळाला भेटी देत. ल्यूथर लिहितो की एक दिवसाची होण्याआधी पोरगी आईबापांच्या दोघांच्या मिळून कमाईपेक्षा जास्त कमवू लागली.

आजच्या नजरेनं हे माणसांचं प्राणिसंग्रहालय आहे, आणि त्या काळात युरोपात तसली प्रदर्शनं सर्रास होती. पण तो ते मिस्कीलपणे, हिशेब सांगितल्यासारखं सांगतो. त्याला काचेच्या खोलीची आठवण झाली असेल की नाही यावर कितीही तर्क करता येईल. फरक एक आहे: वॉनामेकरच्या काचेमागे बसण्याचे पैसे दुकानाला मिळत, बर्मिंगहॅमची पेटी घरी आली.

बोरूबहाद्दर

+१. अवांतर: कोडी आणि त्याचा जाहिरातवाला मेजर बर्क या प्रकाराला 'शो' म्हणायला तयार नसत, सर्कस तर नाहीच. नाव नुसतं 'बफेलो बिल्स वाइल्ड वेस्ट'. दावा असा, की हे नाटक नाही, हाच इतिहास. विष्णुपंत छत्रे १८८० मध्ये मुंबईत सर्कस उभी करत होते तेव्हा त्यांना कोणी विचारलं नसतं की तुमचा वाघ खरा लढलाय का. इथे मात्र लिटल बिगहॉर्न खरंच पाहिलेली माणसं रिंगणात लिटल बिगहॉर्न करत होती. हेहाका सापा, म्हणजे ब्लॅक एल्क, बारा वर्षांचा असताना त्या लढाईत होता आणि १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियासमोर नाचला.

हुरडा

तो तर इंग्लंडात हरवला होता ना?

बोरूबहाद्दर

हो. १८८८ मध्ये परतीची बोट चुकली. इंग्रजी येत नाही, बरोबर आणखी दोघं-तिघं. मग 'मेक्सिकन जो' नावाच्या दुसऱ्या खेळात लागला, युरोपभर फिरला, आजारी पडला, आणि १८८९ ला पॅरिसमध्ये कोडी पुन्हा भेटला तेव्हा कुठे घरचं तिकीट मिळालं. दुभाष्या सोबत नसला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण नको.

गाठ_निरगाठ

सगळे रिंगणाचं बोलताहेत. लोक खेळाआधी-नंतर जिथे फिरायचे त्या टीपींच्या, म्हणजे शंकूसारख्या तंबूंच्या, वस्तीबद्दल लिहितो. रोज गाव बदलायचं, म्हणजे वस्ती सकाळी उभारायची आणि रात्री उतरवायची.

मध्यम टीपीला साधारण पंधरा वासे आणि धुराच्या झडपांसाठी दोन बारीक, असे सतरा. लकोटा पाया तीन वाशांचा घालतात (क्रो आणि ब्लॅकफूट चार वाशांचा). दोन वासे शेजारी-शेजारी, तिसरा दाराचा, तो त्यांच्यावर आडवा. जिथे एकमेकांवरून जातात तिथे दोरानं आवळायचे आणि दोराचं लांब टोक सोडून ठेवायचं. तिकाटणं उभं केलं की बाकीचे वासे आधी पुढच्या खाचेत, मग मागच्या. सगळे लागले की ते लांब टोक हातात धरून बाहेरून चार वेढे फिरायचं, म्हणजे दोर वर गुंडाळला जातो, आणि टोक आत मधोमध मेखेला बांधायचं. वाऱ्यात टीपी उचलली जात नाही ती या दोरामुळे. शेवटचा वासा मागचा. त्याला पालाचा कापडी पट्टा बांधूनच तो वर चढवायचा, मग कापड दोन्ही बाजूंनी पुढे ओढून लाकडी काड्यांनी टाचायचं. दार पूर्वेला.

चुकतं कुठे? बहुतेकदा इथे:

पाल बसवल्यावर सैल पडतं. वासे आतून बाहेर ढकलायचे राहिलेले असतात. आधी पाल, मग ढकलणं, मग खुंट्या. हा क्रम उलटा केला की सुरकुत्या जात नाहीत.

आत धूर कोंडतो. झडपा वाऱ्याच्या तोंडाला ठेवल्या की धूर परत आत येतो. वारा फिरला की बाहेरचे दोन बारीक वासे हलवून झडपांची पाठ वाऱ्याकडे करायची. चूल अगदी मधोमध घालू नये. शंकू मागे झुकलेला असतो, धुराचं भोक मध्यापेक्षा पुढे येतं, म्हणून चूल दाराकडे थोडी सरकवायची.

पावसात आत थेंब पडतात. इंग्लंडात हा रोजचा प्रकार. पाणी वाशावरून घरंगळत खाली जातं. मध्ये गाठ किंवा साल राहिली की तिथून थेंब सुटतो आणि झोपलेल्याच्या नाकावर. वासे तासून गुळगुळीत हवेत. आतून अस्तर लावलं की उरलेलं पाणी अस्तरामागून जमिनीत जातं. आणखी एक: कापड भिजलं की आवळतं. रात्री ताणून ठेवलेल्या खुंट्या सकाळी उपटलेल्या मिळतात, म्हणून पावसाची चिन्हं दिसली की दोर थोडे सैल.

गव्यांच्या (बायसनच्या) कातड्याच्या जुन्या पालांची जागा या काळापर्यंत कॅनव्हासनं घेतली होती. गवे संपलेले होते. प्रेक्षक ज्याला आदिम निवास म्हणून बघत होते त्याचं कापड गिरणीतलं.

पारवा

वाचते आहे, माहितीपूर्ण धागा. एक शंका: नाचताना आणि दौडताना ती पिसांची टोपी डोक्यावर राहते कशी? फोटोंत पिसं छान पसरलेली दिसतात.

गाठ_निरगाठ

@पारवा, दोन दोऱ्यांवर. प्रत्येक पिसाच्या देठाला कातड्याचा छोटा फास केलेला असतो. पहिला दोरा त्या फासांतून आणि टोपीच्या कडेच्या चिरांतून ओवतात. एवढ्यानं पिसं बसतात, पण आपापसांत कोसळतात. म्हणून दुसरा बारीक दोरा प्रत्येक पिसाच्या मध्यातून, आतल्या बाजूनं. पसारा तोच धरतो. तो सैल झाला की वाऱ्यात एका बाजूला झुबका होतो, घट्ट झाला की पिसं उभी काठीसारखी. स्वस्त नकली टोप्यांत हा दुसरा दोराच नसतो, ओळखायची खूण ती.

सोनेरी गरुडाच्या शेपटीत पिसं बारा. तीस पिसांच्या टोपीला तीन पक्षी लागतात. आणि पीस मिळवावं लागे, विकत घ्यायचं नसे. खेळात नुसती रंगत म्हणून कोणालाही टोपी चढवली जाऊ लागली, त्यावर जुन्या लोकांचा रोष होता तो याच कारणानं.

निवडुंग

हाच रोष ल्यूथर सिनेमात घेऊन गेला. १९१२ पासून चित्रपट निर्माता टॉमस इन्सच्या स्टुडिओत काम, सांता मोनिकाजवळच्या घळीत. पाइन रिजहून आणलेले लकोटा तिथे टीपी ठोकून राहायचे. त्यानं इन्सला सांगितलं की तुमच्या चित्रांत दाखवता तसं कोणी लकोटा वागत नाही. दुरुस्ती झाली ती थोडीच. गोरे नट तोंडाला रंग फासून सरदार व्हायचे आणि खरा सरदार मागच्या गर्दीत. १९३० च्या दशकात हॉलिवुडमधल्या आदिवासी नटांची संघटना झाली त्यात तो होता. १९३३ मध्ये त्यानं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला पत्र लिहिलं: आदिवासींचा इतिहास आणि संस्कृती सरकारी शाळांत शिकवा. कार्लाइलचा पहिल्या तुकडीतला विद्यार्थी हे मागतो, तेव्हा त्याला वजन वेगळं.

शेवटचं काम दिग्दर्शक सेसिल डमिलच्या 'युनियन पॅसिफिक'मध्ये, रेल्वे बांधण्याची कथा. चित्रीकरणाच्या काळातच इन्फ्लुएंझानं गेला. हॉलिवुडच्या दफनभूमीत त्याच्या पवित्र चिलमीसह पुरलेला आहे.

कोरडा_पाऊस

तरी माझा मूळ आक्षेप उभा आहे. खेळानं जे चित्र जगभर पसरवलं, पिसांची टोपी, टीपी, घोड्यावरून हल्ला, त्यात सगळ्या जमाती एकाच साच्यात गेल्या. गालिच्यासारखं घोंगडं विणणारे नवाहो असोत की मक्याची शेती करणारे होपी, प्रेक्षकांना सगळे लकोटाच. ल्यूथरनं त्याला हातभार लावला, पगार घेऊन.

सांजवेळ

लावला, मान्य. पण पर्याय काय होता ते बघा. १८९० मध्ये आदिवासी आयुक्त मॉर्गन यानं खेळाविरुद्ध मोहीम काढली. त्याला नाच, घोडे, पिसं काहीच नको होतं. शेती आणि शाळा हवी होती. म्हणजे वस्तीवर नाचलं तर शिधा बंद, आणि ऑलिंपियात नाचलं तर राजा बघायला येतो. त्याच वर्षी २९ डिसेंबरला वूंडेड नीला लष्करानं केलेलं लकोटांचं हत्याकांड झालं. फोर्ट शेरिडनला डांबलेल्या भूतनृत्यवाल्यांपैकी (म्हणजे 'घोस्ट डान्स' या धर्मचळवळीतल्यांपैकी) वीसहून अधिक जणांना, किकिंग बेअर आणि शॉर्ट बुलसकट, १८९१ मध्ये कोडीच्या ताब्यात सोडलं: तुरुंगाऐवजी युरोप. जी गाणी, जे पोशाख घरी बेकायदा होते ते रिंगणात टिकले. साचा झाला हे खरं, पण साच्याच्या आत माणसं आपलंच गात होती आणि प्रेक्षकांना ते कळत नव्हतं.

कोरडा_पाऊस

शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकीवर नंतर.

पारवा

चार पुस्तकांतलं आधी कोणतं घ्यावं?

निवडुंग

१९२८ चं, 'माय पीपल द सू'. कार्लाइल आणि इंग्लंड दोन्ही त्यात आहे. १९३१ आणि १९३४ ची दोन मुलांसाठी, छोटी आहेत. १९३३ चं सर्वांत कडक, तिथे तो आठवणी सोडून मतं मांडतो, ते शेवटी. पहिल्यात थेट इंग्लंडच्या बोटप्रवासाच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी अडणार नाही, फक्त फिलाडेल्फियाच्या थिएटरचा प्रसंग आधी येतो, तो तेवढा चुकवू नका.